चुकून चढलेली: गावाकडच्या विनोदी कथेत नकळत झालेली नशा कशी लिहावी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाची संहिता, शाळेच्या गॅदरिंगचं प्रहसन, दिवाळी अंकाला पाठवायची गावाकडची कथा, या सगळ्यांत एक प्रसंग हटकून येतो. एखादा सरळमार्गी माणूस नकळत काहीतरी पितो किंवा खातो आणि पुढे गोंधळ होतो. हा प्रसंग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. पात्र पेला तोंडाला लावतं, दुसऱ्या ओळीला झोकांड्या खातं, तिसऱ्या ओळीला बरळायला लागतं, आणि उरलेली चार पानं लेखकाजवळ करण्यासारखं काहीच उरत नाही.

असा प्रसंग लिहिणारा सुरुवातच नशेपासून करतो. तिथेच क्रम उलटा होतो. नकळत चढलेल्या माणसाला आपल्याला चढलीय हे ठाऊक नसतं. तो आपलं काम नेहमीसारखं, किंबहुना जास्तच मन लावून करत असतो. हसू त्या धडपडीतून येतं. म्हणून आधी काम, मग माणूस, मग पदार्थ, मग चूक आणि सगळ्यात शेवटी झिंग, असं या लिखाणाचं गणित आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे: वर्धा जिल्ह्यातलं एक लग्न आणि त्या लग्नात आहेराची वही लिहिणारे मामाजी.

## लिहायला बसण्याआधी: जिल्हा, महिना, घड्याळ

कागदावर तीन गोष्टी मांडा.

पहिली, जिल्हा. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरमध्ये २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. त्यामुळे वर्ध्याच्या खेड्यातलं पात्र ‘चौकातल्या देशीच्या दुकानाजवळून’ जात असेल, तर तिथला वाचक पहिल्याच परिच्छेदात तुमचा हात सोडतो. चंद्रपूरची कथा असेल तर साल आधी ठरवा. बंदीच्या जिल्ह्यात बाटली लपवलेली असते, दुसऱ्याच डब्यात ओतलेली असते, तिला भलतंच नाव दिलेलं असतं. चुकीला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

दुसरी, महिना. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात. शिंदीचा रस थंडीतला. भांग महाशिवरात्रीला आणि शिमग्याला निघते. कपाशीवर फवारणी पावसाळ्याच्या उत्तरार्धात चालते. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कुणीही चक्कर येऊन पडला की गाव आधी म्हणतं, ‘ऊन लागलं’.

तिसरी, घड्याळ. कोणत्या वाजता पोटात गेलं आणि कोणत्या वाजता काम सुरू झालं, हे दोन आकडे समासात लिहून ठेवा. टप्पा ३ पासून पुढे त्यांच्यावरच सगळं चालणार आहे.

इशारा. रोज पिणारा माणूस या प्रकारात बसत नाही. गावातल्या प्रेक्षकांत अर्ध्या बाया असतात, आणि घरातली दारू काय करते हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्यापुढे रोजचा दारुडा हसण्यावारी नेऊ नका. ज्याने कधी पेल्याला हात लावला नाही, ज्याचा यात काडीचाही दोष नाही, त्याच्यावर आलेला प्रसंग त्या मोकळेपणाने बघू शकतात.

## टप्पा १: आधी काम ठरवा

अंमल चढेल त्या वेळी पात्राच्या हातात कोणतं काम आहे? काम असं हवं की ते अर्धवट सोडता येत नाही, चार लोकांसमोर करावं लागतं आणि त्यात नेमकेपणा लागतो. गावात अशी कामं भरपूर आहेत: बचत गटाच्या बैठकीत पैसे मोजणं, कापसाच्या काट्यावर वजन सांगणं, ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून दाखवणं, पंगतीत वाढायला उभं राहणं, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात मध्यस्थी करणं.

आपल्या उदाहरणात मामाजींना आहेर लिहायचा आहे. टेबल, वही, पेन, पाकिटांची थैली आणि माइक. येणाऱ्याचं नाव-गाव घ्यायचं, पाकीट उघडायचं, रक्कम वहीत चढवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. या कामात पैसा आहे, नाती आहेत, जुने हिशोब आहेत आणि साक्षीला दोनशे माणसं.

तपासा. नशेचा भाग झाकून प्रसंग वाचा. मामाजी पूर्ण शुद्धीवर असते तरी या आहेरात थोडा ताण होता का? नसेल तर काम बदला.

## टप्पा २: माणसाचा एकच गुण धरा

नशा नवा माणूस घडवत नाही, आहे त्याच माणसाचा एखादा गुण ती मोठा करून दाखवते. कंजूष माणूस नशेत एकदम उदार झालेला दाखवण्याचा मोह होतो, पण उलटा केलेला स्वभाव एकदा हसवतो आणि तिथेच संपतो. वाढवलेला स्वभाव पायरीपायरीने चढवता येतो.

आपले मामाजी काटेकोर आहेत. पैशाला पैसा जुळला पाहिजे. अशा माणसाला नशेत अघळपघळ करू नका, त्याला आणखी काटेकोर करा. हिशोब जुळवण्याच्या नादात तो कुठवर जाऊ शकतो, हे शोधत जा.

व्यसनमुक्तीचं भाषण देणाऱ्या माणसालाच चढते, ही कल्पना सगळ्यांना पहिल्यांदा सुचते. ती इतकी वापरून झाली आहे की तो माणूस मंचावर आला की पोरं आधीच हसायला लागतात. ती सोडा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गोंड किंवा माडिया आदिवासी पात्र दिसलं की त्याच्याच हातात मोहाची देणं, ही आपल्या लिखाणातली वाईट खोड आहे. मोहाला त्या समाजात पूजेचं आणि रोजच्या जेवणाचं स्थान आहे. कोणता रस किती वेळाने चढतो, कोणतं फूल केव्हा वेचावं, हे ज्ञान त्या माणसाजवळ असतं. कथेत तो आला तर सगळ्यांत आधी ओळखणारा म्हणून आणा.

## टप्पा ३: पदार्थ निवडा आणि त्याचं वेळापत्रक पाळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण कोणताही पदार्थ असो, लिहिणारा तो दारूसारखाच लिहितो.

भांग. पोटातून गेलेली भांग वेळ घेते. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच वाटत नाही. भर त्यानंतर येतो आणि असर सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. तिच्यातला अंमली घटक स्निग्धात विरघळतो, म्हणून ती दूध, तूप, बदाम-खसखशीच्या वाटणातून दिली जाते. बडीशेप, मिरी, गुलाब यांच्या वासाखाली तिचा हिरवट कडूपणा दबतो. लक्षणं: तोंड कोरडं पडणं, डोळे लाल होणं, भूक लागणं, हसू न आवरणं, वेळ लांबल्यासारखी वाटणं, वाक्याची सुरुवात विसरणं. कुणाला भीती वाटते आणि छाती धडधडते. पाय लटपटण्यापेक्षा मन एकाच गोष्टीवर अडकणं हे तिचं खरं रूप.

मोह. ताजी मोहफुलं खाऊन कुणी झिंगत नाही. पहाटे झाडाखालून टोपलीभर वेचतात, वेचता वेचता तोंडात टाकतात. त्यांत साखर असते, दारू नसते. फुलं आंबवून सडवा तयार व्हावा लागतो आणि पुढे भट्टी लागते, तेव्हा कुठे ती चढते. पहिल्या धारेची तर चांगलीच जहाल. म्हणून ‘पोराने चार मोहफुलं खाल्ली आणि नाचायला लागला’ असं लिहू नका. दुसरं, मोहाच्या दारूचा वास पूर्व विदर्भातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला लांबून कळतो. ती नकळत प्यायला बाहेरून नुकतं बदलून आलेलं पात्र लागेल, एखादे बँकेचे साहेब किंवा नवे ग्रामसेवक.

शिंदी. हा माझा सगळ्यात आवडता पदार्थ आहे आणि लेखक त्याला हात लावत नाहीत. पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढत जातं तसा तो मडक्यातल्या मडक्यात आंबतो आणि दुपारपर्यंत चढणारा होतो. मिसळायला कुणी लागत नाही. पाहुण्यांसाठी सकाळी आणलेलं गोड मडकं, बस उशिरा आल्यामुळे दोन वाजता समोर येतं. दोष एसटीचा आणि उन्हाचा.

आसवं आणि अरिष्टं. द्राक्षासवासारख्या आयुर्वेदिक औषधांत आंबण्यातून आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. बाटलीवर साधारण ५ ते १० टक्के असं छापलेलं असतं. घ्यायचं असतं चार-सहा चमचे, तेही पाणी घालून. आता हिशोब करा: ४५० मिलीलिटरची बाटली, ८ टक्के, म्हणजे ३६ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. विदेशी दारू ४२.८ टक्क्यांची असते, त्या हिशोबाने ही अख्खी बाटली ८४ मिलीलिटर दारूएवढी झाली. जन्मात कधी न घेतलेल्या आजीला ती गुलाबी करायला पुरते, जमिनीवर लोळवायला नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. या बाटलीत सुमारे २८ ग्रॅम आहे, म्हणजे तीन-चार तासांत सगळं उतरलेलं असेल. प्रसंग तेवढ्यात बसवा.

सुपारी आणि खर्रा. कच्ची सुपारी लागली की मिनिटांत कान गरम होतात, घाम फुटतो, छाती दाटते, डोकं गरगरतं. खर्र्यात सुपारीच्या जोडीला तंबाखू आणि चुना असतो, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला मळमळही सुटते. जितक्या लवकर येतं तितक्याच लवकर जातं. अर्ध्या पानाच्या प्रसंगाला हे उत्तम, अंकभर पुरणार नाही.

आता जे विनोदात आणूच नये ते. धोत्र्याने बाहुल्या मोठ्या होतात, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, जीवही जातो. भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने डोळे जातात. बुरशी लागलेल्या कोदो या भरडधान्याने गरगरतं आणि तीही विषबाधाच असते. आणि कीटकनाशक: २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशीच्या पट्ट्यातल्या वाचकाला फवारणीच्या दिवसांत डुलणारा माणूस दिसला तर त्याला हसू येणार नाही, त्याच्या पोटात गोळा येईल. लहान मुलाला कोणतीही नशा चढलेली दाखवू नका. गरोदर बाईलाही नाही.

आपल्या उदाहरणासाठी भांग घेऊ. पोरं आठवड्यापूर्वी महाशिवरात्रीच्या जत्रेहून थोडी घेऊन आली आहेत. गोरज मुहूर्ताचं लग्न, साडेसहाचं. मामाजींनी साडेचारला थंडाई घेतली. वरात डीजेमुळे रेंगाळली, अक्षता सव्वासातला पडल्या, आहेर साडेसातला सुरू. तीन तास झाले. भर नेमका वहीसमोर बसल्यावर.

तपासा. तुमच्या प्रसंगात पिण्याची वेळ आणि पहिल्या लक्षणाची वेळ यांत पदार्थाला लागतं तेवढं अंतर आहे का? अंतर कमी असेल तर मध्ये दुसरा प्रसंग घाला. पदार्थाची घाई करू नका.

## टप्पा ४: चूक अशी घडवा की कुणालाही दोष देता येऊ नये

गावच्या लग्नात भांडी घराघरांतून येतात आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं असतं. पोरांनी आपली भांग घातलेली थंडाई एका छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वेगळी काढून ठेवली, ‘आबाजींच्या नावाचा गंज’ अशी खूण ठेवून. पण आबाजींच्या दोन मुलांची घरं वेगळी झाली तेव्हा भांडीही वाटली गेली होती. त्या नावाचे गंज दोन आहेत. वाढणाऱ्या वहिनीने नाव वाचूनच, अगदी जबाबदारीने, गंज उचलला.

या चुकीत तीन गोष्टी आहेत आणि तुमच्या चुकीतही त्या हव्यात. देणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पिणाऱ्याला संशय येण्याचं कारण नव्हतं. आणि गंज उचलला गेला तो क्षण वाचकाने स्वतः पाहिला.

यानंतर मामाजी दुसरा ग्लास मागतात. पहिल्याने काहीच वाटलं नाही आणि चव बरी होती. भांगेच्या बाबतीत हे अगदी खरं घडतं, असर उशिरा येत असल्यामुळे माणूस नकळत दुप्पट घेऊन बसतो. हा दुसरा ग्लास तुमच्या प्रसंगातली सर्वांत मोलाची ओळ आहे. ती एकाच साध्या वाक्यात लिहा आणि पुढे चला. वाचकाने श्वास रोखून धरलेला असतो.

इशारा. कुणीतरी मुद्दाम मिसळलं, असं करू नका. दुखापत करण्याच्या किंवा गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचं काही पाजणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खालचा गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मुद्दाम पाजलेलं दिसलं की वाचक पिणाऱ्याची काळजी करायला लागतो. बाईच्या पेल्यात पुरुषाने काही टाकलं, हा प्रसंग तर कोणत्याही कारणाने विनोदाचा होत नाही.

## टप्पा ५: कोणाला काय ठाऊक आहे

एका कागदावर नावं लिहा आणि प्रत्येकासमोर ‘कळलं केव्हा’ ते लिहा. वाचक: साडेचारला. पोरांपैकी एक, मामाजींचा भाचा: पावणेसहाला, गंज जागेवर नाही हे बघून. वहिनी: दुसऱ्या दिवशी. मामाजी: सगळ्यांत शेवटी, किंवा कधीच नाही.

ज्याला कळलंय त्याची जीभ बांधलेली असली पाहिजे. भाच्याने तोंड उघडलं तर भांग आणली कुणी हे बाहेर येतं, आणि मांडवात त्याचा बाप उभा आहे. म्हणून तो मामाजींच्या शेजारी बसून गुपचूप सावरायचा प्रयत्न करतो: माइकची वायर काढतो, पेन लपवतो, ताकाचा ग्लास पुढे करतो. काटेकोर मामाजी दर वेळी त्याला हरवतात. प्रसंगाचा अर्धा भार या पोरावर आहे. तो नसेल तर मामाजी एकटे पडतात, आणि एकट्या झिंगलेल्या माणसाकडे बघत राहणं फार वेळ जमत नाही.

## टप्पा ६: चढण

आता लिहायला लागा. प्रत्येक पायरीवर फक्त एक गोष्ट बिघडू द्या. बाकी सगळं नेहमीसारखं.

पहिल्या पायरीवर बिघडल्याचं कळतच नाही. मामाजींचं अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलंय. ते प्रत्येक नावाखाली फूटपट्टीने रेघ मारतात. रांग थोडी लांबते.

दुसऱ्या पायरीवर ते एका गोष्टीवर अडकतात. ५१ रुपयांमधलं एक रुपयाचं नाणं हातात धरून बघत राहतात. ‘पन्नासची नोट हाय. तिच्यासंग हा एकटा आला. इतक्या दुरून.’ भाचा म्हणतो, ‘मामाजी, पुढचं पाकीट.’ मामाजी नाणं जपून वेगळ्या वाटीत ठेवतात. इथून पुढे सगळे एक-एक रुपये त्या वाटीत जातील. ही वाटी विसरू नका, पुढे लागेल.

तिसऱ्या पायरीवर काटेकोरपणा माइकवर येतो. ‘हिंगणघाटवाले भाऊजी, एकशे एक. मागच्या साली त्याइच्या पोरीच्या लग्नात आपन दोनशे एक देल्ले होते. पन लिहून ठेवतो, एकशे एक.’ आवाजात राग नाही, टोमणा नाही. मामाजी फक्त हिशोब पूर्ण करत आहेत. टोमणा आला की विनोद मेला, कारण मग मामाजी जाणूनबुजून बोलत आहेत असं होतं.

चौथ्या पायरीवर लोक बदलतात. ‘आर्वीवाले काकाजी, पाकीट. पाकिटावर नाव हाय, आत काईच नाई. नावाचा आहेर लिहू काजी?’ मांडव गप्प. काकाजी खिशात हात घालतात. रांगेतली चार माणसं मागे सरकून पाकिटं पुन्हा उघडून बघायला लागतात, एक जण त्यात नोट वाढवतो. मामाजींनी एक अक्षर जास्तीचं न बोलता गावाचा आहेर वाढला. इथे वधूपित्याला थांबवायला धावत येऊ द्या, आणि वाढलेली रक्कम बघून मध्येच थबकू द्या.

पाचव्या पायरीवर बेरीज. ती जुळत नाही, कारण एक-एक रुपये वाटीत आहेत. मामाजी शांतपणे घोषणा करतात की आहेर पहिल्यापासून पुन्हा घेतला जाईल.

इथे थांबा. सहावी पायरी सुचेल, मामाजी टेबलावर चढतील, नवरीचा हार गळ्यात घालतील, असं काहीबाही. ती कापा. प्रसंगाचं टोक कामाच्या आतच आलं पाहिजे, आणि आहेर पुन्हा पहिल्यापासून घेण्याहून मोठं संकट त्या मांडवात दुसरं नाही.

इशारा. बिनकठड्याची विहीर, ट्रॅक्टर, मोटरसायकल, विजेचा पंप, उसळती कढई, यांतलं काहीही प्रसंगाच्या आवारात ठेवू नका. एकदा विहीर दिसली की वाचकाचं लक्ष तिच्यावरून हलत नाही.

## टप्पा ७: बोलणं

जीभ अडखळते म्हणून अक्षरं ओढून लिहायची, प्रत्येक शब्दात तीन-तीन ‘श’ घालायचे, ही सवय मोडा. वाचायला त्रास होतो आणि भांगेच्या बाबतीत ते खोटंही आहे.

त्याऐवजी ऐका की आपल्याकडे माणूस स्वतःला सावरताना कसा बोलतो. रोज ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिलो’ बोलणारा वऱ्हाडी माणूस, आपण नीट आहोत हे दाखवायचं असलं की पुस्तकी मराठीवर जातो. साहेबासमोर जातो, कोर्टात जातो, आणि तोल सावरतानाही जातो. मामाजींना पाचव्या पायरीवर म्हणू द्या: ‘उपस्थित पाहुण्यांना नम्र विनंती आहे की, आपण आपापल्या जागी बसावे. आपला प्रत्येक रुपया सुरक्षित आहे.’ आणि पुढच्या श्वासाला भाच्याच्या कानात: ‘काबे, तो वाटीतला कोठी गेला?’ या दोन वाक्यांमधलं अंतर हीच त्यांची झिंग. वेगळं वर्णन लागत नाही.

बोली प्रांताप्रमाणे जपा. वर्धा-अमरावतीचा माणूस आणि भंडारा-गडचिरोलीचा झाडीबोली बोलणारा माणूस एकसारखे बोलत नाहीत. तुमच्या कानावर जी बोली आहे तीच लिहा. आणि सगळ्या पात्रांना बोली देऊन टाका. फक्त झिंगलेल्याच्या तोंडी वऱ्हाडी आणि बाकीच्यांच्या तोंडी प्रमाण मराठी असेल, तर तुम्ही बोलीलाच हसायला लावता. आपल्या मुलखातल्या लेखकाने तरी हे करू नये.

भांगेतलं आणखी एक: वाक्य मध्येच सुटतं. सुटू द्या, पण सुटलेलं वाक्य पुढच्या पानावर, भलत्याच माणसासमोर पूर्ण होऊ द्या.

## टप्पा ८: बघणाऱ्यांचे अंदाज

बघणारे लगेच ‘याला चढली’ म्हणत असतील तर प्रसंग संपला. मामाजींनी आयुष्यात घेतलेली नाही, त्यामुळे गाव आधी दुसरी कारणं शोधेल. एक जण म्हणेल ऊन लागलं, कांदा आणा. दुसरा म्हणेल शुगर कमी झाली, बुंदी चारा. भुकेजलेले मामाजी अख्खं ताट बुंदी खाऊन टाकतील आणि भांगेतली भूक आपोआप जागेवर येईल. म्हातारी माय म्हणेल दृष्ट लागली. प्रत्येक अंदाजाबरोबर एक उपाय येतो, आणि तो मामाजींच्या कामात एक नवी अडचण घालतो. यांतले दोन अंदाज पुरेत, तीन झाले तर यादी वाटते.

‘अंगात आलं’ हा अंदाज वापरायचा असेल तर सांभाळून. मामाजींची थट्टा चालेल, ज्यांची श्रद्धा आहे त्यांची नको.

## टप्पा ९: उतार

हा टप्पा लोक गाळतात आणि ‘सकाळी जाग आली तेव्हा’ असं लिहून मोकळे होतात. पदार्थाने इथेही आपलं वेळापत्रक पाळायला हवं. भांग साडेचारची, दोन ग्लास, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत असर आणि सकाळी जडपणा. मामाजींना बऱ्याचशा गोष्टी आठवतील. भांगेने आदली रात्र सहसा पूर्ण पुसली जात नाही. ‘काही आठवतच नाही’ हे दारूच्या फार मोठ्या मात्रेचं लक्षण आहे आणि त्यात काळजीचा भाग जास्त असतो.

शिवाय वही आहे. सुंदर अक्षरात, फूटपट्टीच्या रेघांसकट, प्रत्येक आहेराच्या पुढे जुना हिशोब. ही वही आता वधूपित्याच्या घरात राहील आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नाआधी उघडली जाईल. नशा उतरल्यावरही जे उरतं ते असं एखाद्या वस्तूत पकडा. शिक्षा द्यायची गरज नाही, मामाजींनी काही गुन्हा केलेला नाही. भाच्याचा हिशोब मात्र त्याच्या बापाशी व्हायचा आहे, तो दोन ओळींत मिटवा.

## टप्पा १०: तालीम आणि शेवटची छाटणी

रंगमंचासाठी लिहिलं असेल तर पहिली तालीम पूर्ण शुद्धीत घ्या. नटाला सांगा, मामाजींना काहीही झालेलं नाही, फक्त आहेर लिहायचाय. संवाद तेवढ्यावरही उभे राहिले पाहिजेत. दुसऱ्या तालमीला प्रत्येक पायरीवर एकच शारीरिक बदल द्या: आधी पापण्यांची उघडझाप कमी, मग ओठ ओले करणं, मग पेन जास्त घट्ट धरणं. डुलणं सगळ्यात शेवटी, आणि तेही एकदाच. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं आणि मागे बसलेल्याला चेहरा नीट दिसत नाही, म्हणून वाटी, फूटपट्टी, पाकीट या वस्तू मोठ्या आणि चकचकीत घ्या. मागच्या रांगेपर्यंत प्रसंग त्याच पोहोचवतात.

कथा असेल तर ‘झिंगला’, ‘बरळला’, ‘तर्र’, ‘टल्ली’, ‘झोकांड्या’ हे शब्द शोधून खोडा. खोडल्यावर प्रसंग समजत नसेल तर टप्पा ६ कडे परत जा, कुठली तरी पायरी गाळली गेली आहे.

मग तो प्रसंग अशा एखाद्या बाईला वाचून दाखवा जिच्या घरात दारूने त्रास दिलेला आहे. ती कुठे हसायची थांबली ते बघा. त्या जागी पेन्सिलने खूण करा आणि तिथून पुन्हा लिहा.